गाडी मागे घेताना
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवावा असा चिटणीस साहेबांचा निरोप आला तेव्हा 'मोटार मागे घेताना होणारे अपघात आणि ते टाळणारी यंत्रे' असे मी चिठ्ठीवर लिहून पाठविले. त्यावरून शिक्षकांच्या खोलीत माझी थोडी थट्टा झाली. मी बी.ए., बी.एड.; शिकवितो इतिहास आणि भूगोल. यंत्राशी माझा संबंध किल्ली फिरविण्यापुरता. हा विषय विज्ञानाच्या सरांनी घ्यावा, तुम्ही आपले मराठ्यांच्या आरमारावर बोला, असे एका सहकाऱ्यांनी सुचविलेही. सूचना वाईट नव्हती. परंतु हा विषय मी ग्रंथालयात शोधलेला नाही. तो माझ्या अंगणात घडला आहे, म्हणून प्रथम तेच सांगतो.

पावसाळ्यातील रविवारची सकाळ होती. आमचे अंगण लहान, एका बाजूला पडवी आणि दुसऱ्या बाजूला जांभ्याचा गडगा. गाडी बाहेर काढायची म्हणजे आधी मागेच घ्यावी लागते. गाडी २०२० सालची आहे, त्यामुळे तिच्या मागच्या बंपरमध्ये सेन्सर बसविलेले आहेत. मागचा गीअर टाकला की टुक् टुक् असा आवाज सुरू होतो, आणि मागची वस्तू जवळ येऊ लागली की तो आवाज घाईघाईने होऊ लागतो. आमचा गडगा इतका जवळ की हा आवाज रोजच होतो. त्या दिवशीही झाला. मी गाडी घेत राहिलो. इतक्यात पडवीतून अम्मी ओरडली, "थांब! पोर आहे मागे!" मी ब्रेक दाबला, उतरून मागे गेलो. माझी चार वर्षांची भाची उकिडवी बसून गाडीखाली गेलेली आपली चप्पल ओढीत होती. तिच्या डोक्यात आणि बंपरमध्ये एक वीत अंतर होते. माझ्याकडे वर पाहून ती म्हणाली, "मामू, माझी चप्पल."

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. पण माझ्या मनाला जे लागून राहिले ते असे की यंत्र बिघडलेले नव्हते. यंत्र वाजत होते. भाचीबद्दलच वाजत होते. मी मात्र ते गडग्याबद्दल आहे असे धरून चाललो होतो. यंत्राने आपले काम केले आणि ऐकणाऱ्याने केले नाही. तेव्हापासून या यंत्रांना नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याचा मी आपल्या कुवतीप्रमाणे अभ्यास करीत आहे. आज आपल्यापुढे मांडतो आहे तो तोच.

सुरुवात यंत्रापासून न करता डोळ्यापासून करू. आपण गाडीत बसून मागच्या काचेतून पाहतो तेव्हा आपल्याला वाटते की मागचे सर्व दिसते. दिसते ते काचेच्या खालच्या काठाच्या वरचे. त्या काठाखालचे गाडीच्या पत्र्याआड जाते. दहावीच्या मुलांना समरूप त्रिकोण शिकविले जातात, त्यांनी हे गणित सहज करावे. आम्ही ते शाळेच्या मैदानावर प्रत्यक्ष करून पाहिले. एका पालकांनी आपली उंच गाडी दिली. चालकाच्या जागी बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर होते, मागच्या काचेचा खालचा काठ १२० सेंटिमीटरवर, आणि दोहोंमधले आडवे अंतर अडीच मीटर. म्हणजे नजर अडीच मीटरमध्ये ३० सेंटिमीटर खाली उतरते. क्रिकेटचा स्टंप जमिनीवर ७१ सेंटिमीटर उंच असतो, बसलेल्या किंवा रांगत्या मुलापेक्षा पुष्कळच उंच. तो स्टंप आम्ही गाडीच्या मागे उभा केला, त्यावर लाल टोपी घातली आणि हळूहळू मागे सरकवीत नेला. ती टोपी दिसू लागली तेव्हा स्टंप गाडीपासून चार मीटरहून थोडा अधिक दूर गेला होता. तोपर्यंतची चार मीटर जागा, जिच्यात आपल्या बालवाडीचा अख्खा वर्ग बसेल, चालकाच्या लेखी रिकामी होती.

मग आम्ही बुटक्या माणसाला बसविले. डोळे दहा सेंटिमीटर खाली आले. तुम्हाला वाटेल, दहा सेंटिमीटरने असा काय फरक पडणार? टोपी सहा मीटरवर गेल्यावर दिसली. ज्या माता-भगिनी हल्ली स्वतः गाडी चालवून मुलांना शाळेत सोडतात त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आसन उंच करण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. ती आपल्यासाठीच आहे, तिचा उपयोग करावा. माझ्या लहान गाडीत हे अंतर दोन मीटरच्या आसपास भरले. आरसे हे अंतर भरून काढतील असे म्हणाल, तर बाजूचे आरसे बाजू दाखवितात, आणि आतला आरसा त्याच काचेतून पाहतो. गाडी जितकी उंच आणि रुबाबदार, तितकी तिच्या मागची आंधळी जागा मोठी. ही गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

या आंधळ्या जागेपायी अमेरिकेत एक कायदा झाला आहे. २००२ साली न्यूयॉर्क राज्यात कॅमेरून गुलब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा आपल्याच घराच्या आवारात, आपल्याच वडिलांच्या मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेला. वडील बेफिकीर गृहस्थ नव्हते. ते लहान मुलांचे डॉक्टर होते, आणि गाडी मागे घेताना त्यांनी आरशांत आणि मागे पाहिलेही होते. मूल दिसण्याच्या जागेत नव्हते, एवढेच. पुढे त्यांनी आणि अशाच दुःखातून गेलेल्या इतर आईबापांनी हा प्रश्न लावून धरला. २००८ साली त्या मुलाच्या नावाने कायदा संमत झाला, पण त्याचे अंतिम नियम निघायला २०१४ साल उजाडले. १ मे २०१८ पासून तेथे तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचे दृश्य दाखविणारी व्यवस्था, म्हणजे व्यवहारात कॅमेरा, सक्तीची झाली. गाडीच्या मागची सुमारे तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब जागा त्यात दिसली पाहिजे, आणि मागचा गीअर टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आले पाहिजे, असा दंडक आहे. मागे येणाऱ्या गाड्यांखाली त्या देशात दरवर्षी सुमारे २१० माणसे मरतात असा तेथील सरकारी खात्याचा तेव्हाचा अंदाज होता. त्यांत ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तरीच्या पुढचे वृद्ध. म्हणजे ज्यांना चटकन बाजूला होता येत नाही असेच निम्म्याहून अधिक. आणि लहान मुलांच्या बाबतीत चालक पुष्कळदा घरचाच असतो, कारण अंगणात दुसऱ्या कोणाची गाडी येणार?

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींत मागच्या अडथळ्याची सूचना देणारी व्यवस्था सक्तीची आहे. चालकापुढची एअरबॅग, पट्टा न लावल्यास होणारा आवाज आणि ताशी ८० किलोमीटरनंतर वाजणारी वेगाची सूचना हेही त्याच वेळी आले. माझ्या गाडीतला टुक् टुक् आवाज याच नियमाचे फळ आहे. युरोपातही जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला अशी व्यवस्था लागते. मात्र तुमची गाडी २०१९ पूर्वीची असेल तर ती बहुधा मुकी असेल; बाहेरून सेन्सर बसवून घेता येतात आणि मोटारीच्या इतर खर्चाच्या मानाने ते काम स्वस्त आहे.

आता हा सेन्सर कसा चालतो ते पाहू. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा धडा आहे, त्यात श्राव्यातीत ध्वनी हा शब्द विद्यार्थ्यांनी वाचला असेल. आपल्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा आवाज असतो, पण आपल्यासाठी नसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील स्पॅलान्झानी या शास्त्रज्ञाने पाहिले की डोळे गेलेले वटवाघूळही न आपटता उडते, मात्र कान बंद केले की ते धडपडते. त्याचे म्हणणे लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. आवाज ऐकू येत नाही तर कानाचा काय संबंध, हा तेव्हाचा सवाल. त्याचे उत्तर १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या तरुण संशोधकाने दिले. वटवाघूळ श्राव्यातीत आवाज काढते हे त्याने यंत्राने नोंदवून दाखविले; प्रतिध्वनीवरून ते अंतर ओळखते, हे पुढे सिद्ध झाले. मधल्या काळात, १८८० साली, फ्रान्समध्ये पिएर क्यूरी आणि त्याचा भाऊ जाक यांनी असे शोधून काढले होते की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज उत्पन्न होते. याच्या उलटही घडते. विजेने स्फटिक थरथरतो आणि आवाज काढतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाच गुण कामी आणला. इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मी या वाटेवर थोडा रेंगाळलो, माफ करा. पण तुमच्या बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या ज्या गोल चकत्या दिसतात, त्यांत वटवाघूळ आणि पाणबुडी दोन्ही बसलेली आहेत.

ती चकती सेकंदाला ४० हजारांच्या आसपास कंपनांचा आवाज फेकते आणि लगेच गप्प बसून प्रतिध्वनीची वाट पाहते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वस्तू एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भाग. एवढ्या वेळावरून यंत्र अंतर काढते आणि त्याप्रमाणे टुक् टुक् जलद करते. अंतर एक फुटाच्या आसपास आले की आवाज अखंड होतो. हिशेब साधा आहे आणि उत्तम चालतो.

यात कोठेही 'काय आहे' हा प्रश्न नाही, हे लक्षात आले ना? यंत्राला अंतर कळते. गडगा, कुंडी, म्हैस आणि भाची त्याला सारखीच. माझी चूक येथे झाली होती.

आणि काही गोष्टी त्याला कळतही नाहीत. बारीक लोखंडी सळई किंवा तार यांवरून पुरेसा प्रतिध्वनी येत नाही. मऊ, जाड कपडा आवाज शोषून घेतो. तिरक्या सपाट पृष्ठभागावरून आवाज भलतीकडे परावर्तित होतो. पावसाळ्यात लाल चिखल चकतीवर बसला की ती कधी उगीच वाजते, कधी वाजतच नाही. शेजारी एखाद्या ट्रकने हवेचा ब्रेक सोडला की त्या फुसकाऱ्यातही श्राव्यातीत आवाज असतो, त्याने ती गोंधळते. सर्वांत फसवी गोष्ट ठेंगण्या वस्तूची. दगड, पायरी, खाली वाकलेले मूल. दुरून ती वस्तू आवाजाच्या झोतात असते, म्हणून यंत्र वाजते. गाडी जवळ गेली की ती झोताच्या खाली जाते, आणि यंत्र गप्प होते. चालकाला वाटते, अडथळा गेला. अडथळा तेथेच असतो. म्हणून मी स्वतःला एक नियम लावून घेतला आहे: वाजत असलेले यंत्र मध्येच थांबले तर मीही थांबायचे आणि उतरून पाहायचे.

यापुढचे थोडे अंकगणित मुलांनी वहीत करून पाहावे. सेन्सरला साधारणपणे दीड-दोन मीटरपर्यंतचे कळते. दीड मीटर धरा. गाडी ताशी पाच किलोमीटरने मागे येत असेल तर सेकंदाला सुमारे १.४ मीटर येते. म्हणजे आवाज सुरू झाल्यापासून जेमतेम एक सेकंद हाती आहे. आवाज ऐकणे, तो कशाचा हे उमगणे, पाय उचलून ब्रेकवर दाबणे याला सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. ताशी आठ किलोमीटरला तर दीड मीटर दोन-तृतीयांश सेकंदातच संपते. पाय ब्रेकवर पोहोचण्यापूर्वी गाडी पोहोचलेली असते. उलट ताशी दोन किलोमीटर ठेवा, अडीच सेकंदांहून अधिक वेळ मिळतो. म्हणजे या यंत्राचा अर्धा भाग बंपरमध्ये आहे आणि अर्धा आपल्या उजव्या पायात. घाईने गाडी मागे घेणाऱ्याला सेन्सर फक्त एवढेच सांगतो की आता आपटणार.

कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. तो 'काय आहे' ते दाखवितो. गाडीच्या शेपटाकडे दूरचित्रवाणीचा कॅमेरा लावण्याची कल्पना १९५६ सालीच अमेरिकेतील ब्यूक कंपनीने आपल्या एका प्रदर्शनी गाडीत दाखविली होती, पण सामान्य माणसापर्यंत ती यायला पन्नास-साठ वर्षे लागली. आजच्या कॅमेऱ्याचे भिंग फार रुंद पाहते, म्हणून त्यात वस्तू असतात त्यापेक्षा लहान आणि दूर भासतात. पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेघा येतात. चांगल्या गाड्यांत चाक फिरविले की त्या रेघाही वळतात आणि गाडी कोठे जाईल ते दाखवितात. मात्र या रेघा सपाट जमीन धरून आखलेल्या असतात. चढ-उतारावर त्यांचे अंतर खरे राहत नाही.

याचा अनुभव आमच्या एका चाचांना आला. ते बावीस वर्षे कुवेतमध्ये होते. तेथील ऐसपैस जागांत गाडी लावण्याची त्यांना सवय. गावी परतल्यावर मोठी गाडी घेतली आणि आम्हा सर्वांना कॅमेरा दाखविला. "आता मान कशाला वळवायची?" असे ते म्हणाले. आठ दिवसांनी बाजारात त्यांच्या मागे लोखंडी सळया भरलेला टेंपो उभा होता. सळया फाळक्याबाहेर हातभर आलेल्या. पडद्यावरच्या रेघा टेंपोच्या चाकांपर्यंत मोकळ्या दिसत होत्या, कारण रेघा जमिनीवरचे मोजतात. सळया वर होत्या. मागची काच गेली. सेन्सर का नाही वाजला, असे चाचा अजून विचारतात. बारीक सळईचे मी मघाशी सांगितलेच. शिवाय सळया बंपरच्या पुष्कळ वर होत्या. चाचांनी हा किस्सा येथे सांगायला परवानगी दिली आहे, ते आज समोर बसलेही आहेत.

कोकणातल्या पावसात कॅमेऱ्याच्या भिंगावर एक थेंब बसला तरी पडद्यावर नुसता धूसर गोळा दिसतो. खिशातला रुमाल तेवढ्यासाठी बाहेर काढावा.

आणखीही यंत्रे आली आहेत. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत रडार बसवून आडव्या रस्त्याने येणारी मोटार किंवा मोटारसायकल आधीच सांगणारी व्यवस्था काही गाड्यांत आहे. दोन गाड्यांच्या मधून मागे निघताना, जेथे चालकाला बाजूचे काहीच दिसत नाही, तेथे ती मोलाची. चार बाजूंच्या चार कॅमेऱ्यांची चित्रे जोडून गाडी जणू आकाशातून पाहिल्यासारखी दाखविणारा पडदाही हल्ली मधल्या किमतीच्या गाड्यांत मिळतो. २००३ साली जपानमध्ये टोयोटाने आपल्या प्रियस गाडीत चाक आपोआप फिरवून गाडी जागेत लावणारे यंत्र आणले. ब्रेक मात्र चालकाच्याच पायाशी ठेवला होता. त्यांनी तो तेथे ठेवला हे मला शहाणपणाचे वाटते. याहून महत्त्वाची आहे ती मागे जाताना आपोआप ब्रेक लावणारी व्यवस्था. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१९ मध्ये हिशेब मांडला की कॅमेरा, सेन्सर आणि आपोआप लागणारा ब्रेक ही तिन्ही असलेल्या गाड्यांचे मागे जातानाचे अपघात ७८ टक्क्यांनी कमी होते. नुसत्या कॅमेऱ्याने तेथे घट झाली ती सुमारे १७ टक्के. हा फरक कशाचा? कॅमेरा दाखवितो, पण पाहणारा माणूस हवा. सेन्सर ओरडतो, पण ऐकणारा हवा. ब्रेक कोणाची वाट पाहत नाही. परंतु तो मिळणारी गाडी आज आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात आहे, तेव्हा बाकीच्यांनी पाहणे आणि ऐकणे चालू ठेवलेच पाहिजे.

खरे म्हणजे आपल्याकडे हे यंत्र फार जुने आहे. एस.टी. स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिटी वाजवितो. ट्रकचा क्लीनर पत्र्यावर थाप मारीत "येऊ दे, येऊ दे" म्हणतो आणि मग एकदम "बस्स!" त्याला अंतरही कळते, वस्तूही कळते, आणि मूल धावत येणार हे मुलाच्या डोळ्यांवरून कळते. एवढे जमणारा सेन्सर माझ्या पाहण्यात नाही. पण त्यालाही एक पथ्य आहे: त्याने चालकाला दिसेल अशा जागी, गाडीच्या बाजूला उभे राहावे. गाडीच्या बरोबर मागे उभे राहून हात हालविणारा उत्साही माणूस स्वतःच आंधळ्या जागेत असतो. घरातल्या मुलांना तर हे काम कधीच सांगू नये.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी. तुम्ही आज गाडी चालवीत नाही, पण गाडीच्या मागून रोज जाता. उभ्या गाडीच्या मागे पांढरा दिवा लागला म्हणजे चालकाने मागचा गीअर टाकला. तांबडा दिवा ब्रेकचा, पांढरा मागे येण्याचा. पांढरा दिसला की त्या गाडीच्या मागून जायचे नाही, मग आतले चाचा ओळखीचे का असेनात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे इंजिन गुरगुरत नाही, तेव्हा कानावर भरवसा नको, दिवा पाहा. आणि चेंडू गाडीखाली गेला तर तो गाडी गेल्यावर मिळतो.

पालकहो, आपल्या फाटकासमोर शाळा सुटताना काय होते ते आपण रोज पाहता. दहा-बारा गाड्या तोंड आत करून उभ्या असतात. घंटा होते, मुले बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी सर्व गाड्या मागे घेतल्या जातात. सर्वांचे सेन्सर एकदम वाजतात. कोणाचा आवाज कोणत्या मुलाबद्दल आहे हे सांगायला तेथे कोणी अम्मी पडवीत बसलेली नसते. माझी सूचना साधी आहे. येताना, मैदान मोकळे असते तेव्हा, गाडी मागे घेत लावा. जाताना ती तोंडाने सरळ बाहेर निघेल. मागे घेण्याचे काम राहतेच, फक्त ते मुले वर्गात असताना होते. सुरुवातीला दोन मिनिटे जास्त लागतील आणि मागचा माणूस हॉर्न वाजवील. वाजवू द्या. कवायतीच्या सरांनी सुटण्याच्या वेळी दोरी धरून मुलांची वाट वेगळी ठेवण्याचे मान्य केले आहे. व्यवस्थापनाने फाटकाच्या डाव्या बाजूचा मातीचा ढिगारा हलविला तर गाड्यांना वळायला जागा होईल. ही मागणी मी अध्यक्ष महाशयांच्या समक्ष करीत आहे, म्हणजे ती इतिवृत्तात येईल.

आणि घरी, अंगणातून निघताना, गाडीत बसण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा. मी मारतो. त्याला अर्धा मिनिट लागतो. घरातले लहान मूल कोणाच्या तरी कडेवर किंवा हात धरून, मला दिसेल असे उभे असल्याशिवाय मी किल्ली फिरवीत नाही. भाचीला आता याची इतकी सवय झाली आहे की मी निघालो की ती स्वतःच पडवीच्या पायरीवर जाऊन "मामू, मी दिसते का?" असे ओरडून विचारते. मी हो म्हटल्यावरच ती हात हालविते.

चहापानानंतर आपण सर्व मैदानावर जाऊ. स्टंप आणि टोपी तयार आहेत. ज्यांना आपल्या गाडीच्या मागे किती जागा आंधळी आहे ते पाहायचे असेल, त्यांच्यासाठी नववीची मुले जमिनीवर चुन्याने ती आखून देतील. मोजपट्टी मी आणली आहे. पहिली गाडी चाचांची.